एका रेझिस्टरवर अख्खं स्टेशन

थेरगाव, ३ ऑगस्ट

ती. दादास,
अजून न रागावलेल्या धाकट्या बहिणीचा नमस्कार.

"तू फक्त बॅटरी धर विजू, बाकीचं मी बघतो." रेल्वे क्वार्टरमध्ये फ्यूज उडाला होता तेव्हा तू हे म्हणाला होतास. तू सोळाचा, मी बाराची. मी बॅटरी धरली, तू बघितलंस, आणि त्यानंतर शेजारच्या चार घरांचेही दिवे गेले. अण्णा ड्यूटीवरून आले, कंदिलाची काच पुसली आणि कंदील लावला. त्या वाक्यामुळे मी इलेक्ट्रॉनिक्सला गेले, असं मी पॉलिटेक्निकच्या मुलांना दरवर्षी सांगते. ती हसतात. त्यांना वाटतं मॅडम विनोद करतायत.

फोन न करता लिहितेय, कारण वर्षालीवहिनीचा हुकूम आहे. "तुम्ही दोघं फोनवर बोलायला लागलात की खालचा वॉचमन वर येतो. भांडायचं ते लिहून भांडा, लिहिताना माणूस निदान श्वास तरी घेतो," असं ती म्हणाली. मला पटलं. पत्र आणि पार्सल तुमच्या कंपनी-बसचे ड्रायव्हर कादरभाई यांच्याबरोबर पाठवतेय, ते तुला चाकणला गेटवरच देतील.

आधी तुझी अट लिहून काढते, कारण तू मॅनेजर आहेस आणि तुम्हा लोकांच्या तोंडी अटी उन्हाळ्यातल्या बर्फासारख्या असतात. अण्णांच्या खोलीतलं ते प्लायवुड, म्हणजे त्यांनी हाताने केलेला छोटा बोरगव्हाण हॉल्ट, त्याभोवतीचा रूळ आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याची ती गाडी, हे सगळं यंदा गौरींपुढे देखावा म्हणून मांडण्याजोगं झालं, तर ते तिथेच राहील. नाही झालं, तर दसऱ्यानंतर त्याची रवानगी गच्चीवर आणि खोलीत प्रज्वलचं घरून काम करायचं टेबल. बरोबर ना? हिंजवडीच्या ट्रॅफिकमुळे तुझ्या मुलाला घरून काम करावं लागतं, हे मला कळतं. पण ज्या हॉल्टवर अण्णांनी सांधेवाला म्हणून जन्म काढला, तो ब्रॉडगेज आल्यावर जागेवर उरला नाही. आता तो जगात फक्त तुझ्या मोशीच्या फ्लॅटमध्ये आहे. गच्चीवर एका पावसाळ्यात त्याचा लगदा होईल.

आता दिवे. अडॅप्टर बारा व्होल्टचा आहे. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्ट पुरतात. उरलेले नऊ वाटेत कुणीतरी अडवायला हवेत, नाहीतर दिवा एकदाच लागतो आणि कायमचा जातो. ते अडवण्याचं काम रेझिस्टर करतो. तू कंपनीतून बारा व्होल्टने घरी येतोस आणि अण्णांपर्यंत पोचेपर्यंत तीनचा झालेला असतोस, ते कुणामुळे? वहिनीमुळे. तसंच हे.

गणित सोपं आहे. नऊ व्होल्ट, वीस मिलिअँपिअर, म्हणजे साडेचारशे ओहम. बाजारात चारशे सत्तरचा मिळतो. सिग्नलच्या लाल दिव्यांना दोनच व्होल्ट लागतात, म्हणून त्यांना पाचशे साठचा. प्रत्येक दिव्याला त्याचा स्वतःचा रेझिस्टर मी सोल्डर करून दिलाय. तू फक्त जोडायचंस. कापू नकोस, कमी करू नकोस, सुधारू नकोस. विशेषतः सुधारू नकोस.

तुझी
विजू


मोशी, ११ ऑगस्ट

चि. विजूस आशीर्वाद.

पार्सल मिळालं. कादरभाईंनी ते गेटवर सगळ्यांदेखत "साहेब, बहिणीने बॉम्ब दिलाय, हळू धरा" म्हणून दिलं. सिक्युरिटीने उघडून पाहिलं. असो.

दिवे लागले, हे प्रथम सांगतो. फारच लागले. रविवारी संध्याकाळी स्विच दाबला तर समोरच्या विंगमधल्या सुमनताईंनी गॅलरीतून ओरडून विचारलं, "अहो, घरात पेट्रोल पंप काढला का?" अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला, फलाटावर टाकला आणि म्हणाले, "डोळ्याला लागतंय." एवढंच. मग गाडी न चालवताच झोपले. तुझं गणित बरोबर असेलच. कॉलेजात.

मग मी जरा इंडस्ट्रीच्या नजरेने पाहिलं. एका दिव्यामागे एक रेझिस्टर! विजू, आमच्या प्लँटमध्ये एका ब्रॅकेटला चार बोल्ट होते, ते मी दोनवर आणले. माझा फोटो कँटीनबाहेर लागलाय. (तू म्हणशील, जेवायला जाताना लोकांना घास गोड लागत नसेल. म्हण.) जिथे एकाने भागतं तिथे वीस कशाला? मी सगळे दिवे एकत्र जोडून घेतले, तू दिलेल्यांतला चारशे सत्तरचा एकच रेझिस्टर सगळ्यांच्या आधी ठेवला, बाकीचे कापून हिंगाच्या डबीत घातले. उजेडही कमी होईल, सामानही कमी. याला जपानीत कायझेन म्हणतात, सतत सुधारणा. तुमच्या पुस्तकात नसेल.

प्रज्वल म्हणाला, "पप्पा, एकदा लावून बघा तरी." मी म्हटलं, डिझाइन बरोबर असेल तर परत परत तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. गौरीपूजनाच्या दिवशी सगळ्यांसमोर थेट उद्घाटन.

शब्दाचं म्हणशील, तर मी दिला तो दिला. देखावा मांडला गेला तर स्टेशन गच्चीवर जाणार नाही. हे लेखी घे.

तुझा
दादा


थेरगाव, १४ ऑगस्ट

ती. दादास,
आता रागावलेल्या बहिणीचा नमस्कार.

पेट्रोल पंपाबद्दल तू मला जे काही बोललास ते मी गिळते. चूक माझीच. दिव्याच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, लिहिलेलं असतं की हा जास्तीत जास्त एवढा करंट सोसतो, आणि मी बाई तेवढाच दिला. जास्तीत जास्त म्हणजे हवा तेवढा नव्हे, हे मला पंचेचाळिशीला आलं तरी कळू नये? खेड्यातल्या फलाटावरचा दिवा मिणमिणला पाहिजे. त्याला चारशे सत्तर कसला, दहा हजार ओहमचा रेझिस्टर हवा. रात्रीचा हॉल्ट मी कधी पाहिला नाही आणि अण्णांना विचारलंही नाही की तिथे किती उजेड होता. मी डेटाशीट वाचली.

पण तू केलंस ते कायझेन नाही दादा, ती पंगत आहे. आणि पंगतीत वाढपी एकच आहे. तुझ्या लाल दिव्यांना दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्यांना तीन लागतात. सगळे एकत्र बांधलेस की लाल दिवे दोन व्होल्टवरच जेवायला बसतात आणि पातेलं पुढे सरकूच देत नाहीत. पांढऱ्यांच्या पानात काही पडत नाही. गौरीपुढे तू स्विच दाबशील तेव्हा स्टेशन, फलाट, पिंपळाखालचं चहाचं टपरं, सगळं काळोखात असेल आणि फक्त दोन लाल सिग्नल पेटतील. म्हणजे गाडीने येऊ नये, एवढंच काय ते लोकांना कळेल. मग देखावा फसला म्हणशील आणि प्लायवुड गच्चीवर. की तुला तेच हवंय?

शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

सोबत दहा हजारचे पाठवतेय, पांढऱ्यांसाठीही आणि लालसाठीही. कृपा करून जोड. आणि स्विच दाबण्याआधी अण्णांना एक विचार, "अण्णा, बोरगव्हाणला रात्री काय काय दिसायचं?" त्यांच्याकडून ऐक. माझ्याकडून नको ऐकूस.

विजू


मोशी, २ सप्टेंबर

प्रिय विजू,

गौरी आत्ताच बोळवल्या. हातांना अजून हळद आहे, पानावर डाग पडले तर चालवून घे. ह्यांनी तुला पत्र लिहायचं ठरवलंय, पण ते कसं लिहितील ते मला माहितीये, म्हणून मी आधी लिहितेय.

तुझं दुसरं पार्सल ह्यांनी उघडलंच नाही. "तिला हरायचं नाहीये म्हणून पाठवलंय," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, ती तुमची बहीण आहे, सप्लायर नाही." तर म्हणाले, "सप्लायर असती तर बदलली असती."

काल संध्याकाळी हळदीकुंकवाला निम्मी सोसायटी घरात होती. सोसायटीच्या देखावा स्पर्धेचे परीक्षक म्हणून चेअरमन दादासाहेब वही घेऊन बसलेले. ह्यांनी नवा कुर्ता घातलेला. ट्यूबलाइट बंद केली, "आता पाहा" म्हणाले आणि स्विच दाबला.

विजू, काळोख. नुसते दोन लाल ठिपके. गौरींचे मुखवटे समईत दिसत होते तेवढेच. प्रज्वल हळूच म्हणाला, "पप्पा, लोडशेडिंग झालं का?" आणि सुमनताई फिस्सकन हसल्या. ह्यांच्या कपाळावरचा घाम मला अंधारातसुद्धा दिसला. बिचारे स्विच खालीवर, खालीवर करत राहिले.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून अण्णा ओरडले. केवढ्याने! मी अठ्ठावीस वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "बोरगव्हाऽऽण! बोरगव्हाण हाल्ट! पायाखाली बघून उतरा, फलाट न्हाई हितं!"

बायका जागच्या जागी दचकल्या. मग अण्णा सांगायलाच लागले. तिथे दिवा कधी नव्हताच म्हणे. आपण ज्याला फलाट म्हणतो तो नुसता टाकलेला मुरूम. शेवटची गाडी दिवस बुडाल्यावर यायची. सिग्नलचे दोन कंदील तेवढे ते संध्याकाळी शिडीवर चढून लावायचे. कडेवर पोर घेऊन बाया उतरायच्या, आणि अण्णा त्यांना आवाजावरून ओळखायचे. "कोन, तुळसा का? धाकलं झोपलं का गं?" असं. "बरूबर हाय," ते ह्यांना म्हणाले, "आगदी बरूबर केलंस ज्ञानू. आसंच व्हतं." आणि मग त्यांनी गाडी सोडली. काळोखात ती पत्र्याची गाडी कुठे आहे ते नुसतं खडखडाटावरून कळत होतं. सुमनताईंचं माहेर तिकडचंच निघालं, त्यांनी डोळे पुसले. आधी हसल्या होत्या त्याच.

दादासाहेबांनी घसा खाकरून ह्यांना विचारलं, "ज्ञानेशराव, संकल्पना काय म्हणून लिहू?" ह्यांनी एक क्षणही घेतला नाही. "ऊर्जा बचत," म्हणाले. "एका रेझिस्टरवर अख्खं स्टेशन."

पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून चार्जिंगचा दिवा मिळाला, पांढराफटक, पेट्रोल पंपासारखा.

तू हसत असशील. मीही हसतेय. पण अण्णा आज सकाळी माझ्याआधी उठून खोलीत गेले, दार लोटून घेतलं, पडदे ओढले आणि तासभर गाडी चालवत होते. आतून आवाज येत होता. "पायाखाली बघा," म्हणत होते. खरं सांगते बाई, मला चहा न्यायला धीर झाला नाही.

वर्षाली


मोशी, १३ सप्टेंबर

चि. विजूस आशीर्वाद.

वहिनीने तुला सगळं कळवलं असेलच, तिच्या पद्धतीने. मी फक्त निकाल कळवतो: पहिला क्रमांक. तू म्हणाली होतीस तसेच लाल दिवे लागले, हे कबूल. पण तू ज्याला चूक म्हणत होतीस त्याला परीक्षकांनी संकल्पना म्हटलं. तुझ्या मुलांना हा धडा जरूर शिकव. रिझल्ट आला की ते डिझाइन असतं.

याहून मोठी बातमी पुढे आहे. प्रज्वलने काढलेला व्हिडिओ आमच्या एम. डीं.नी पाहिला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. (खुर्ची देत नाहीत.) आमच्याकडे यंदा ऊर्जा बचतीचं वर्ष चालू आहे. त्यांना हे स्टेशन चाकणच्या प्लँटच्या रिसेप्शनमध्ये हवंय, कायमचं, ॲक्रिलिकच्या पेटीत, खाली फलक लावून. खंडेनवमीच्या पूजेला उद्घाटन. घरचे लोकही बोलावतात, तूही ये.

शुक्रवारी टेम्पो येऊन घेऊन जाईल. अण्णांना फार अभिमान वाटतोय. आयुष्यभर त्यांनी कंदील पुसले, आता त्यांचं काम जर्मन पाहुणे बघतील. तू पत्रात विचारलं होतंस, मला तेच हवंय का म्हणून. ते वाक्य मला लागलं होतं. म्हणून लक्षात आणून देतो: स्टेशन गच्चीवर जाणार नाही असा शब्द दिला होता. ते गच्चीवर जात नाहीये.

प्रज्वलचं टेबल अनायासे शनिवारीच येतंय.

तुझा
दादा


मोशी, २५ सप्टेंबर

चि. विजूस, अण्णाचे आशीर्वाद.

सूनबाई म्हणली दोघं भाऊ-बहीण लिहिता, मग मी बी लिहावं. हात कापतो म्हणून आक्षर वाकडं येतंय. समजून घे.

हितं सगळं ठीक हाय. जेवण येळेवर मिळतं. प्रज्वलचं टेबल झ्याक हाय, लई बटनं हायत. तो कामाचं बोलत आसला म्हंजे मी ग्यालरीत बसतो. कारण माझा खोकला त्याच्या सायबाला अमेरिकेत ऐकू जातो. केवढी सोय झाली बघ. पोरगं गुणाचं हाय, खुर्चीवर उशी ठिवून दिली.

तुला एक इचारायचं व्हतं. तू त्या लायनीतली हाय म्हणून. गाडी आन ठेसन ज्ञानूनं कंपनीत सर्व्हिसिंगला धाडलंय. टेंपोत चढवताना मी सोता बघितलं, नीट चढवलं. सर्व्हिसिंगला किती दिवस लागत्यात? आमच्या इंजनाला कुर्डुवाडीला धाडलं की म्हयना जायचा, पर तिथं माणसं कमी व्हती. कंपनी मोठी हाय म्हणत्यात. ज्ञानूला इचारलं तर तो कामात आसतो. घाई न्हाई. फकस्त चाकाला त्याल घालू नका म्हणावं, माती धरतंय.

तू जेवत जा. आवाज बारीक झालाय तुझा.

अण्णा


थेरगाव, ६ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, कारण "अण्णांना फार अभिमान वाटतोय" या वाक्यावर मी विश्वास ठेवला. मला वाटलं, मीच कद्रू आहे. भावाचं कौतुक झालेलं बघवत नाही म्हणून मला त्रास होतोय. अण्णांचं पत्र आल्यावर शंका आली, तरी मी स्वतःला तसंच बजावलं, चांगली साडी काढली आणि खंडेनवमीला तुझ्या प्लँटवर आले. तुझी गाठ पडली नाही. तू स्टेजवर होतास.

पूजा छान केली होती. प्रेसला झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू, फोर्कलिफ्टपुढे नारळ. मग रिसेप्शनमध्ये गेले.

दादा, तू ते हल्ली नीट पाहिलंयस का? काउंटरवरच्या नेहा नावाच्या मुलीने मला कौतुकाने दाखवलं. म्हणाली, "आधी खूप अंधार होता मॅम, व्हिजिटर्सना काही दिसायचं नाही. मग मेंटेनन्सवाल्यांनी मोठा रेझिस्टर टाकला." मोठा म्हणजे आकाराने. विटेसारखा जाड, पांढरा, पण अडवायला फक्त बावीस ओहमचा. पेटीबाहेर मागच्या बाजूला लावलाय, मी बोट लावलं आणि चटका बसला. त्यातून एवढा करंट गेला की दोन्ही लाल दिवे पहिल्याच दिवशी जळून गेले. नेहा म्हणाली, "थोडासा धूर आला होता, पण मग सगळं मस्त लागलं." लागणारच. पातेलं अडवणारे उठून गेल्यावर पांढऱ्यांच्या पानात सगळं पडलं. काही डोळे दिपवतायत, काही निम्मेच लागलेत, आणि बोरगव्हाण हॉल्ट आता टोलनाक्यासारखा दिसतोय. अण्णांनी पंचा टाकला होता त्याहून लखलखीत. खाली पितळी फलक: ऊर्जा बचत. संकल्पना आणि मार्गदर्शन, तुझं नाव. ज्याने तेलाचे डबे कापून गाडी केली त्याचं नाव शोधायला मी चष्मा लावून फलकाच्या मागेही पाहिलं. मागे स्क्रू होते. दोनच होते, चार नाहीत. तुझाच हात दिसतो.

गाडी फलाटाशी उभी आहे. पेटी सील केलीय, आत हात जात नाही, त्यामुळे ती चालत नाही. जर्मन पाहुण्यांना बहुधा ती चालते हेच माहीत नसेल.

संध्याकाळी मोशीला गेले. तू अजून सत्कारातच होतास. अण्णा गॅलरीत बसले होते, समोर सुमनताईंचे वाळत घातलेले कपडे. मला बघून उठले. पहिलं वाक्य, "झालं का सर्व्हिसिंग?"

मी म्हटलं, "होतंय अण्णा. कुर्डुवाडीवालेच बरे होते. हे फार सावकाश आहेत."

"तू बघून आलीस न्हवं?"

"व्हय."

"सिग्नल?"

"लागलेत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने अंधारात उतरणाऱ्या बाया आवाजावरून ओळखल्या, त्याच्याशी मी खोटं बोलत होते. "बरं," ते म्हणाले. आणि समोरच्या कपड्यांकडे बघत, "न्हाई लागले तरी काय हरकत न्हाई म्हणा. तिकडं गाडी कुठं यायचीय." मी काही बोलणार तेवढ्यात आतून प्रज्वलचा आवाज आला, "आजोबा, जरा हळू, कॉल चालू आहे." तो वाईट मुलगा नाही. पण अण्णा जे पुढचं बोलणार होते ते त्यांनी गिळलं आणि तोंडावर पंचा धरून खोकले. अमेरिकेला ऐकू जाऊ नये म्हणून.

वहिनी मला जिन्यात सोडायला आली. म्हणाली, "सर्व्हिसिंगचं ह्यांनीच सांगितलं गं. खरं सांगायचा धीर झाला नाही." मला तुझी दया आली, खरंच आली. ज्याला आपल्या बापाची भीती वाटते तो सगळाच बिघडलेला नसतो. तुला त्यांना गच्चीवर टाकायचं नव्हतं, हे मला कळतं. तुला फक्त जागा करायची होती. तू आयुष्यभर तेच केलंयस. चाराचे दोन, विसांचा एक. तुझ्या घरात आता किती उरले ते मोज, आणि त्यात अण्णा कुठे बसतात तेही.

मी काय मागणार हे तू ओळखलं असशील. गाडी नको. ती परत मागितली तर तुला एम. डीं.पुढे उभं राहावं लागेल, आणि ते तू करणार नाहीस. ती राहू दे तिथे. फलक पण राहू दे.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत. डांगे चौकाचा गोंगाट आहे, भाजीवाले आहेत, रात्री नऊपर्यंत हॉर्न वाजतात. तिथे अण्णांचा खोकला कुणाला ऐकू जाणार नाही. त्यांना हवं तेवढ्या मोठ्याने ओरडता येईल. मी दिवसभर कॉलेजात असते, ही अडचण आहे. ती मी सोडवेन, बॅटरी धरायला तुला बोलावणार नाही.

तुझं उत्तरही मला पाठ आहे. मुलगा असताना बाप लेकीच्या दारात राहतो का, लोक काय म्हणतील, सोसायटीत तोंड कसं दाखवू. मला नवरा असता तर म्हणाला असतास, जावयाच्या घरात अण्णा कसे राहतील. जावई नाही, तर म्हणशील, एकट्या बाईच्या घरी कसे राहतील. आणि लोक म्हणतीलच. सुमनताई तर गॅलरीतूनच म्हणतील. मग वहिनी रडेल, तू चिडशील, आणि अण्णा तुमच्या दोघांकडे बघून म्हणतील, "हितं ठीक हाय मला, उगी कशाला." ते त्यांचं उत्तर धरू नकोस. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिलीय. स्वतःसाठी काही मागणं त्यांना कुणी शिकवलंच नाही.

तू नाही म्हणशील हे माहीत असून लिहितेय. रविवारी सकाळी मी रिक्षा घेऊन येते. अण्णांना माझ्याबरोबर येऊ दे. चार दिवस पाहुणे म्हणून नको, राहायला.

विजू